खेळेल त्याचे मैदान

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या वस्त्यांतून दोन आवाज एकदमच ऐकू येतात. एक आईचा : "घरात धिंगाणा नको, बाहेर जाऊन खेळा रे!" आणि दुसरा शेजारच्या काकांचा : "इथे खेळू नका, चला पळा!" बिचाऱ्या पोरांना कळतच नाही की हे 'बाहेर' म्हणजे नेमके कुठे. जळगावचे पिंप्राळा हुडको असो की धुळ्याचे भीमनगर, गल्लीची रुंदी तीच आणि गल्लीतली गर्दीही तीच. उभ्या केलेल्या मोटारसायकली, दारातले पाण्याचे ड्रम, गटारीवरचा ढापा. त्या ढाप्यालाच स्टंप मानून पोरे चेंडू टाकतात. चेंडू कोणाच्या स्वयंपाकघरात गेला की खेळ संपतो आणि भांडण सुरू होते.

वाचकहो, या वेळी आम्ही त्या 'बाहेर'बद्दलच लिहिणार आहोत. खेळ म्हणजे चैन, पोट भरलेल्यांचे काम, असे आपल्यातले कित्येक जण अजूनही मानतात. मुलगा शिकला पाहिजे हे आता आपल्या घराघरांत पटले आहे. मुलगा आणि मुलगी दोघेही खेळले पाहिजेत, हे मात्र अजून पटायचे आहे. आणि ज्यांना पटले त्यांच्याजवळ जागा नाही.

मैदान ही कोणाच्या मेहेरबानीची वस्तू नाही. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक दवाखाना यांच्याच रांगेतली ती गोष्ट आहे. पाण्याचा इतिहास तर आपल्याला पाठ आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असे त्यात म्हटले होते. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्यानंतरही कोर्टकचेरी दहा वर्षे चालली आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

बोल्यांच्या त्या यादीत मैदानाचे नाव नव्हते. तरी तत्त्व तेच आहे. जे सर्वांच्या पैशाने होते ते सर्वांचे असते. आणि दुसरा धडाही तोच. ठराव झाला म्हणून वस्तू मिळत नाही, ती वापरावी लागते. शहराच्या नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेले क्रीडांगण हा १९२४ चा महाडचा ठराव समजा. त्याचे १९२७ व्हायचे असेल तर आपल्या पोराबाळांचे पाय तिथे रोज लागले पाहिजेत.

आता ही जागा जाते कुठे ते पाहू. १८१८ मध्ये खान्देशात इंग्रजी अंमल आला. त्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज या कलेक्टराने धुळ्याची नवी वस्ती आखली. तिच्या सरळ रेघेतल्या गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात. सांगायचे इतकेच की शहर आपोआप वाढत नाही, कोणीतरी ते आखते. ज्या जमिनीचा लेआउट रीतसर मंजूर होतो तिथे मोकळी जागा सोडावीच लागते. सुमारे एक एकर, म्हणजे चार हजार चौरस मीटरहून मोठा लेआउट असेल तर साधारण दहा टक्के जागा खुली ठेवायची असा नियम आहे. हिला आपल्याकडे सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. कॉलनीत राहणाऱ्यांच्या वाट्याला ती येते. आपल्या बऱ्याचशा जुन्या वस्त्या मात्र लेआउट करून वसलेल्याच नाहीत. गिरणीच्या, रेल्वेच्या, बाजार समितीच्या कामाला आलेल्या माणसांनी जागा मिळेल तिथे झोपडे उभे केले, त्याचे घर झाले आणि घरांची वस्ती झाली. लेआउट नाही म्हणून ओपन स्पेस नाही. आणि ओपन स्पेस नाही म्हणून पोरे गटारीवर खेळतात. यात पोरांचा काही दोष आहे काय?

मोठ्या जागा शहराच्या विकास आराखड्यात आरक्षित असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यात एक कलम आहे, १२७ क्रमांकाचे. ते आपल्यातल्या शिकलेल्या प्रत्येक तरुणाने वाचावे. आराखडा अंतिम होऊन दहा वर्षे उलटली आणि पालिकेने आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीतही पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण उडते. क्रीडांगणाच्या पाटीची जागा घरांच्या प्लॉटला मोकळी होते. मोर्चा नाही, आरडाओरडा नाही, नुसत्या तारखा उलटतात आणि एका वस्तीचे मैदान जाते. म्हणून आमची पहिली विनंती अशी : आपल्या वॉर्डात क्रीडांगणाचे वा उद्यानाचे आरक्षण किती आहे, कोणत्या सर्व्हे नंबरावर आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, हे लेखी विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. जळगावची सतरा मजली इमारत पाहून पुष्कळांचे पाय लटपटतात. पण ती इमारत आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीवर चालते, हे लक्षात ठेवून पायरी चढावी.

"हे काम महापालिकेचेच आहे कशावरून?" असे तिथला एखादा बाबू विचारील. त्याला उत्तर द्यायला हवे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरी संस्थांकडे सोपवावयाची अठरा कामे त्या अनुसूचीत आहेत. त्यांत उद्याने, बगिचे आणि क्रीडांगणे यांचा उल्लेख स्पष्ट आहे. झोपडपट्टी सुधारणा आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हीही त्याच यादीत आहेत. म्हणजे वस्तीतले मैदान या तिन्ही कामांत बसते. अडचण एवढीच की महानगरपालिकांच्या कायद्यात पाणी, गटार, दिवाबत्ती ही कामे बंधनकारक आहेत आणि क्रीडांगणे ऐच्छिक कामांत मोडतात. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर. आणि पैसे कधी उरतात? जळगाव नगरपालिकेच्या काळातले घरकुलांचे आणि इतर योजनांचे कर्ज शहराला कित्येक वर्षे फेडावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. कर्जाच्या हप्त्याखाली जे प्रथम चिरडले जाते ते ऐच्छिक काम. म्हणूनच अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच, नगरसेवकाकडे गेले पाहिजे. मे महिन्यात उन्हाचा चटका बसल्यावर जाऊन उपयोग नाही.

महापालिकेशिवाय आणखी दोन दारे आहेत. पहिले जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचे. शालेय स्पर्धा याच कचेरीमार्फत होतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट असतात. २००३ साली जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. त्याचा एक फायदा फार थोड्या पालकांना माहीत आहे. महापालिका क्षेत्राची स्पर्धा जिल्ह्याच्या स्पर्धेहून स्वतंत्र धरली जाते आणि तिथला विजेता सरळ नाशिक विभागाच्या स्पर्धेला जातो. शहरातल्या मुलाला ही वाट जवळची आहे. पण शाळेने संघाची नोंदणीच केली नाही तर वाट असून काय उपयोग? जून-जुलैमध्ये शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा, "सर, यंदा कोणकोणत्या खेळांत आपल्या शाळेचे नाव दिले?" एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ काम होते. मैदान तयार करायला आणि व्यायामशाळेला अनुदान देण्याच्या योजनाही याच कचेरीत आहेत. अर्ज कोणत्या संस्थेने करायचा, जागेचा कोणता कागद लागतो, हे तिथे विचारावे.

दुसरे दार कामगार कल्याण मंडळाचे. महाराष्ट्रात हे मंडळ १९५३ पासून आहे. कारखान्यात, दुकानात, हॉटेलात पगारावर असलेल्या आपल्या बांधवांनी जून आणि डिसेंबरची पगारपावती नीट पाहावी. 'कामगार कल्याण निधी' म्हणून एक लहानशी रक्कम त्यात कापलेली असते. मालक त्याच्या तिप्पट भरतो, सरकारही आपला वाटा घालते. त्या पैशांतून मंडळाची केंद्रे चालतात. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत ती आहेत. वाचनालय, शिवणवर्ग, शिशुमंदिर, व्यायामशाळा, नाट्यस्पर्धा, कबड्डीच्या स्पर्धा असे उपक्रम ही केंद्रे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. आपण पैसे भरतो आणि केंद्राचा दरवाजा पाहिलेला नसतो, असे कित्येक घरी आहे. मात्र नाक्यावर उभा राहणारा बिगारी, धुणीभांडी करणारी बाई, हातगाडीवाला यांच्या नावाने ही कपात होत नाही, म्हणून त्यांच्या लेकरांना हे दार बंदच राहते. त्यांच्यासाठी वस्तीतले मैदान हाच एक आधार उरतो.

मैदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट येते आणि मग "एवढी जागा आणायची कुठून?" म्हणून आपण गप्प बसतो. जरा हिशेब करून पाहा. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे १३० चौरस मीटर, साधारण चौदाशे चौरस फूट. दोन प्लॉटांत बसेल एवढेच. व्हॉलीबॉलला अठरा बाय नऊ मीटर, शिवाय कडेने थोडी मोकळी जागा. खो-खोचे मैदान सत्तावीस बाय सोळा मीटर. चारशे मीटरच्या धावपट्टीला मात्र चार एकरांच्या आसपास जागा लागते. ती जिल्हा क्रीडा संकुलातच मिळणार. याचा अर्थ असा की समाजमंदिरापुढचे अंगण, पाण्याच्या टाकीखालची जागा, पालिकेच्या शाळेचे पटांगण यांत आपले दोन देशी खेळ आरामात मावतात. शाळेचे पटांगण संध्याकाळी आणि सुट्टीत कुलूपबंद का असावे? ती शाळा पालिकेची, पटांगण पालिकेचे आणि मुलेही पालिकेच्याच हद्दीतली. वस्तीच्या मंडळाने जबाबदारीचा लेखी अर्ज दिला तर संध्याकाळचे दोन तास मागता येतात. जळगावचे शिवतीर्थ आणि सागर पार्क, धुळ्याचे गरुड मैदान ही नावाजलेली मैदाने आहेत आणि ती टिकलीच पाहिजेत. पण आठ वर्षांचे पोर हमरस्ता ओलांडून तिथे एकटे कसे जाणार? लहान मुलाचे मैदान आईने मारलेली हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर हवे.

समजा, जागा मिळाली. पुढे काय? इथेच आपली गाडी अडते. पहिल्या महिन्यात उत्साह, दुसऱ्या महिन्यात भांडण, तिसऱ्या महिन्यात तिथे टेम्पो उभे राहतात आणि चौथ्या महिन्यात संध्याकाळी बाटल्या सापडतात. जागा मिळवणे कठीण आहे खरे, पण ती रोज चालवणे त्याहून कठीण. यासाठी आमच्या खान्देशातच एक जुना धडा आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा, कान या नद्यांच्या काठी शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. कोणत्या फडात यंदा कोणते पीक हे पंच ठरवीत. पाटकरी पाळीप्रमाणे पाणी सोडी. आधी कोण, नंतर कोण, किती वेळ, सगळे ठरलेले. पाटाची सफाईही सगळ्यांनी मिळून करायची. पाणी थोडे आणि घेणारे पुष्कळ, तरी व्यवस्था टिकली, कारण पाळी मोडता येत नव्हती. त्या पद्धतीत ज्याला जमीन नव्हती त्याला पाळीही नव्हती, हे आपण विसरायचे नाही. मैदानाला तेवढी अट नको. वस्तीत जन्मलेले प्रत्येक मूल हे या मैदानाचे हक्कदार, मग त्याचा बाप वर्गणी देवो अथवा न देवो.

पाळीचा तक्ता आमच्या मते काहीसा असा असावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दुपारी अकरा ते पाच या वेळेत कोणी मैदानावर फिरकू नये. पहाटे साडेपाच ते सात ही वेळ भरतीची तयारी करणाऱ्यांची आणि फिरायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांची. सात ते आठ लहान मुलांची. संध्याकाळी साडेपाच ते सात मुलींची. सात ते साडेआठ मोठ्या मुलांची. ऋतूप्रमाणे वेळ मागेपुढे करावी, पण क्रम बदलू नये. तक्ता मोठ्या अक्षरात रंगवून भिंतीवर लावावा. शेजारीच पिण्याच्या पाण्याचा माठ, मलमपट्टीची पेटी आणि एक चांगला दिवा. एका वहीत येणाऱ्या मुलांची नावे, दुसऱ्या वहीत सामानाची नोंद. महिन्याचा जमाखर्चही त्याच भिंतीवर लावावा. हिशेब भिंतीवर असला की कुजबुज बंद होते. आणि पाटकऱ्यासारखा एक माणूस हवा, जो नात्यागोत्याकडे न पाहता शिट्टी वाजवून म्हणेल, "चला, तुमची पाळी संपली." निवृत्त शिक्षक, रेल्वेतून वा पोलिसातून निवृत्त झालेले बांधव हे काम उत्तम करू शकतील.

मुलींच्या वेळेबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. आपल्या घरातली मुलगी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मुलांच्या बरोबरीने पळते आणि मग एके दिवशी तिचा खेळ बंद होतो. कारणे विचारली तर चारच निघतात. जवळ स्वच्छतागृह नाही. कठड्यावर बसून टोमणे मारणारी पोरे आहेत. पाण्याची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी तिच्यावर आहे. आणि लोक काय म्हणतील ही भीती. यातली पहिली दोन कारणे पालिकेने आणि वस्तीच्या मंडळाने दूर करायची. तिसरे घराने दूर करायचे. भावाने संध्याकाळी दोन हंडे भरले तर त्याचे काही बिघडत नाही. चौथ्या कारणाला वस्तीतल्या एखाद्या आजीनेच उत्तर द्यावे : "लोक तर तुझी माय शाळेत गेली तेव्हाही बोलत होते, पोरी. तू जाय, खेळ." जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी ती जिंकली. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. ज्या खेळाला दोन खांब आणि सत्तावीस मीटर माती पुरते, त्याच खेळात आपल्या राज्याच्या मुलीने विश्वचषक उचलला. तेव्हा साधने नाहीत म्हणून मुलीला घरी बसवणे हे आता कारण राहिलेले नाही.

"खेळून पोट भरते का?" हा प्रश्न कष्टकरी बापाने विचारला तर त्याला हसू नये. तो प्रश्न खरा आहे. उत्तरही खरे द्यावे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला, ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्याला क्रीडा गुण मिळतात. पण गल्लीतल्या चषकाच्या प्रमाणपत्राला यात किंमत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त हवी आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. म्हणून पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या नादी कोणी लागू नये. नोकरी तर जातेच, वर गुन्हाही दाखल होतो. पोलीस शिपाई भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते आणि निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेला बसता येत नाही. आपली कितीतरी पोरे यासाठी अंधारात हमरस्त्याच्या कडेने पळतात आणि मागून ट्रक येत असतात. पोटासाठी पळणाऱ्या पोराला पळायला सुरक्षित जागा नसावी, याहून लाजेची गोष्ट शहराला कोणती? क्रीडा संकुलाची धावपट्टी पहाटे या मुलांना नाममात्र शुल्कात किंवा मोफत मिळावी, ही मागणी सर्व मंडळांनी एकत्र येऊन करण्यासारखी आहे.

तरीसुद्धा आम्ही म्हणू की नोकरी हे खेळाचे फळ आहे, मूळ नव्हे. शंभर मुले खेळतील तेव्हा दोघांना नोकरी लागेल. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना काय मिळाले? निरोगी शरीर, हार पचवायची सवय आणि सगळ्यांबरोबर समान पायावर उभे राहण्याचा अनुभव. हे शेवटचे आपल्यासाठी किती मोलाचे आहे ते पाळवणकर बाळूंच्या आयुष्यावरून कळते. १८७६ साली चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची निगा राखायला होते. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते देशातले नामांकित गोलंदाज झाले. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातून खेळताना त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात हिंदू संघातून खेळत असताना त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येत असे. ज्या चेंडूला त्यांचा हात लागला तो चेंडू चालत होता, पण त्याच हाताने धरलेला कप चालत नव्हता! पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. दार एका पिढीने ठोठावले आणि ते दुसऱ्या पिढीला उघडले. आपल्या वस्तीतल्या मैदानावर सर्व जातीधर्मांची पोरे एका माठातले पाणी प्याली पाहिजेत, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. मैदान आपल्या वस्तीत असले तरी ते केवळ आपलेच राहता कामा नये. आपण भोगले ते दुसऱ्याच्या लेकरावर लादायचे नाही.

व्यसनाचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. गुटखा, दारू आणि आता रात्री दोन वाजेपर्यंत हातात असलेला मोबाईल यांच्या विरोधात आपण सभा घेतो, शपथा देतो. पण संध्याकाळी सहा ते आठ पोराने काय करायचे, हे सांगत नाही. आइसलँड नावाचा एक लहानसा देश आहे. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या शंभरातल्या बेचाळीस मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचे सांगितले होते. त्या देशाने नुसता उपदेश केला नाही. खेळ, संगीत, कला यांचे वर्ग वाढवले, त्यासाठी नगरपालिकांनी कुटुंबांना पैसे दिले, आणि आईबापांना मुलांबरोबर अधिक वेळ घालवायला सांगितले. २०१६ साली ते प्रमाण शंभरात पाचवर आले. तो देश श्रीमंत आहे, लोकसंख्या थोडी आहे, हे सगळे मान्य. पण तत्त्व गरिबालाही परवडणारे आहे : मुलाच्या हातातून वाईट वस्तू काढून घ्यायची असेल तर त्या हातात चांगली वस्तू द्यावी लागते.

आता पैशांचे. सरकारकडे मागायचे ते मागूच, पण आपल्या हातातले काय? १४ एप्रिलला आपण उत्साहाने वर्गणी गोळा करतो. जयंती थाटात व्हावी यात दुमत नाही. पण एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात व्हॉलीबॉलची जाळी, चेंडू, खो-खोचे खांब आणि दिव्याची तार हे सगळे येऊन वर काही उरेल. डीजे रात्री थांबतो तेव्हा कानठळ्यांशिवाय मागे काही राहत नाही. जाळी वर्षभर राहते. जयंतीच्या वर्गणीचा चौथा हिस्सा मैदानासाठी बाजूला काढायचा, असा ठराव प्रत्येक मंडळाने करून पाहावा. खेळांच्या स्पर्धाही जयंतीपुरत्या नकोत. एक दिवसाच्या स्पर्धेत नेहमीचेच दोन-चार जण बक्षिसे नेतात आणि बाकीची पोरे टाळ्या वाजवतात. रोजच्या खेळात सगळ्यांना पाळी मिळते.

तर वाचकहो, येत्या महिन्याभरात करण्यासारखी कामे अशी. आपल्या वस्तीतील सात ते अठरा वर्षांच्या मुला-मुलींची यादी घरोघर फिरून करा. आरक्षित जागांची माहिती मागणारा अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. जवळच्या शाळेचे पटांगण संध्याकाळसाठी मागा. ज्यांची कल्याण निधीची कपात होते त्यांनी एकदा केंद्रात जाऊन यावे. समितीत निम्म्या महिला घ्या, नाहीतर मुलींची पाळी पहिल्याच आठवड्यात बुडेल. आणि जागा मिळेपर्यंत वाट पाहत बसू नका. समाजमंदिराच्या अंगणात चुन्याने तेरा बाय दहाची रेघ आजच मारा.

जमिनीच्या चळवळीत 'कसेल त्याची जमीन' अशी घोषणा होती. मैदानाचेही तसेच आहे. रिकामे ठेवाल तर त्याच्यावर दुसऱ्याचे कुंपण पडेल. संध्याकाळी पोरे-पोरी तिथे घाम गाळताना दिसली, तर त्या जागेवर पाटी लावायची गरजही पडणार नाही. आपल्या वस्तीत काय जमले आणि कुठे अडले, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.